बिनवासाचा आचारी

४ जानेवारी
कांदा करपला आणि मला कळलंच नाही! स्वतःच्या नाकासमोर! धूर दिसला तेव्हा धावलो. ताप जाऊन महिना झाला, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणतात — "येईल. किंवा नाही येणार." झालं!

९ जानेवारी
हॉटेलच्या मालकांनी बोलावलं. मुख्य शेफच्या टोपीसाठी इतकी वर्षं भट्टीसमोर घाम गाळला, ती टोपी गेली माझ्या हाताखालच्या लंबूला. लंबूच रडला! मीच त्याची पाठ थोपटली. घरी आल्यावर मात्र माझा बांध फुटला. बायको म्हणाली, "रुसायचं तर रूस देवावर. पण अबोला धरू नकोस."

१० जानेवारी
रुसलोय. अबोला नाही.

२ फेब्रुवारी
हॉटेल सोडून इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागलो. बिनमिठाचं सूप, उकडलेला बटाटा. सिस्टर म्हणाल्या, "कॅन्सरच्या वॉर्डातली ताटं तशीच परत येतात. औषधांनी तोंडाची चव जाते हो. मनाला लावून घेऊ नका."
मला हसूच फुटलं. चव गेलेली माणसं आणि वास गेलेला आचारी — देवा, काय जोडी जमवलीस!

१७ फेब्रुवारी
सापडलं! वास नसला तरी दातांना कळतं. जिभेला गार-गरम कळतं. मऊ सुपावर कुरकुरीत पाव, गार दह्यात डाळिंबाचे दाणे, वर चिमटा काढणारं लिंबू. मला खाताना ज्याची मजा येते तेच वर पाठवलं. वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवरून शिंपीकाकांचा निरोप — "आचाऱ्याला सांगा, आज तोंडात काहीतरी घडलं!"
दिवसभर शीळ घालत होतो. सिस्टर ओरडल्या. तरी घातली.

५ मार्च
लंबूचा फोन. "दादा, तुमच्यासारखा सॉस जमत नाही." सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही. कळ उठली का? उठली, थोडीशी. मग भांडी घासता घासता देवाशी बोललो — टोपी मला किती हवी होती, तुला माहीत होतं. तरी दिली नाहीस. बरं. तू धनी, तुझी मर्जी. आणि खरं सांगू? मजेत आहे मी!

२१ मार्च
शिंपीकाका बरे होऊन घरी निघाले. जाताना खाली आले, माझ्या एप्रनचा निसटलेला बंद उभ्या उभ्या शिवून दिला. "असा गबाळा आचारी बरा दिसतो का?"
वॉर्डातली बरीच ताटं आज रिकामी आली. चाटूनपुसून!

१९ एप्रिल
आज त्याच वॉर्डात बायकोचं ताट लावलं. गाठ निघाली तिला. औषधं सुरू होऊन आठवडा झाला, अन्न नको म्हणते. सगळे सांगतात — "बघा, देवाने याचसाठी तुम्हाला इथे आणलं!" असेल. ते त्यालाच ठाऊक. देवा, ती मला हवी आहे. पण आधी ती तुझी.
काकडीची फोड तिच्या दाताखाली कडकन मोडली. थांबली. माझ्याकडे बघून हसली.
"अजून आहे?"
आहे ना. भरपूर आहे!