शेवटच्या तंबूतल्या बाई

४ जानेवारी
नाताळच्या सुट्टीतली गर्दी ओसरली एकदाची! मुलांचा कालवा नाही, नळावर रांग नाही. पाहुण्यांना तंबूसाठी भाड्यानं देतो त्या मैदानात आता तंबू एकच – समुद्राकडच्या वाळूच्या उंचवट्याला टेकून, अगदी शेवटचा. काल एक वयस्क बाई एकट्याच गाडी चालवत आल्या. सासरे तंबू ठोकायला मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या, आम्ही दोघं करू."
दोघं? गाडीतून तर एकच माणूस उतरलं.

५ जानेवारी
तंबूच्या दारात दोन खुर्च्या मांडतात. एकीत स्वतः, दुसरी रिकामी. तिच्याशी बोलणं अखंड चालू – "ऊन लागतंय का? सरकता का इकडे?" सासरे म्हणाले, "दुखावलेलं माणूस आहे, आपण काही बोलायचं नाही."
मी कसली बोलतेय! ह्यांची होडी परत आली नि हे आले नाहीत, त्यानंतर कितीतरी दिवस मी ह्यांच्याही वाटणीचा चहा टाकत होते.

७ जानेवारी
भावाचा फोन. "किती दिवस त्या समुद्राकडे बघत बसणार? ये इकडे." हंगाम संपला की बघू, म्हटलं. दरवेळी हेच म्हणते.

८ जानेवारी
बाईंना गरम पाणी द्यायला गेले. त्यांनी माझा हात धरला, रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "खरं सांगा, इथं कुणी दिसतं?"
काय सांगणार? नाही म्हटलं. चेहरा एवढासा झाला त्यांचा. "मलाही नाही दिसत आमचे हे. आपलं माणूस आपल्याला नाहीच दिसत हो. दुसऱ्या कुणाला तरी दिसेल म्हणून गावोगाव फिरते."
डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या – असं मनात म्हणत निघाले, तर मागून, "तुमचे यजमान फारसे बोलत नाहीत, नाही?"
"माझे यजमान नाहीत," म्हटलं.
"मग मघाशी नळाशी तुमच्या मागे उभे होते ते कोण? हिरवा स्वेटर. एक बाही लांब – सारखी वर सारत होते."
बादली तिथंच टाकून आले.

९ जानेवारी
तो स्वेटर मीच विणलेला. बाही चुकली, पण ह्यांनी उसवू दिली नाही – "राहू दे गं, थंडीत हात आत ओढून घेता येतो." तोच घालून गेले. त्या स्वेटरमधला फोटो एकही नाही. बाईंना कुठून कळणार?
सासऱ्यांना विचारलं, तुम्ही काही बोललात का? "कसली बाही?" म्हणाले. मग सगळं सांगितलं. म्हणाले, "विचार ना... थकल्यासारखा दिसतो का?"

१० जानेवारी
विचारलं.
"थकलेले नाहीत हो," बाई म्हणाल्या. "हिरमुसलेत. तुम्ही त्यांच्याशी बोलतच नाही!"
दिवसभर पाठीला गार लागत राहिलं. भर उन्हात! सारखी मागे वळून बघत होते. वाळू, नळ, दोरीवरचे टॉवेल. बस.

११ जानेवारी
बोलायला तोंड उघडलं. मग टॉवेलांच्याच घड्या करत बसले. भीती वाटली – उत्तर आलं तर? आणि नाही आलं तर?

१२ जानेवारी
बाई गेल्या. "इथंही नाही दिसले कुणाला," एवढंच म्हणाल्या. फाटक लावायला गाडीमागोमाग गेले. गाडी वळली आणि बघितलं – त्यांच्या शेजारच्या सीटवर टक्कल पडलेले एक गृहस्थ! ओरडले, "बाई, थांबा! दिसले! मला दिसले!" पळाले. गाडी थांबली नाही. गृहस्थांनी मात्र मागे वळून हात हलवला, ओळखीचं हसले. मला नाही. माझ्या मागे कुणाला तरी.
मी वळले नाही. "चला," म्हटलं, "आत चला. बाबा वाट बघतायत."