टोपी आणि जुडी मी नेली

दादा,

ते महोत्सववाले भित्रे आहेत आणि तू त्यांना घाबरलास. आपल्या मेटल बँडने स्टेजवर चाळे केले तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत म्हणे. नका बोलावू म्हणावं. बाबांची सॉनाच्या वाफेत घालायची लोकरी टोपी तू लपवलेलीस, ती सापडली. सॉनात अंगावर मारायची, फ्रीजरमधली बर्चच्या डहाळ्यांची जुडीही नेतेय. आजीच्या मरणावरच्या गाण्यात बाबा असल्या जुडीनेच ड्रम बडवायचे, पाला उडायचा, लोक हसता हसता रडायचे. आज ड्रमवर मी आहे आणि टोपी घालूनच बसणार. तुला गायचं नसेल तर गाऊ नकोस. माशाचं सूप गरम करून घे.

बाबांना पुरून आलो तेव्हा तीच टोपी घालून तू आईला हसवलंस. मग आज कुणाची लाज वाटते? स्टेजवर येऊन सांग.

हेल्का