रायफल रेश्माला, दुर्बीण शंभूराजला

मी, श्रीमती विजयमाला हंबीरराव निकम, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा शेती, राहणार कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला डॉ. फिरदोस मुजावर यांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी चव्वेचाळीसपर्यंत आले तेव्हा अडखळल्या त्या.

मला गुडघे सोडल्यास कसलाही आजार नाही. जे मिळाले त्यात मी सुखी आहे आणि मरणाची घाईही नाही. हे लिहावे लागत आहे ते एका रायफलीमुळे. घर, जमीन आणि भांडीकुंडी यांची वाटणी माझ्यामागे मुलांनी गोडीगुलाबीने केली असती. रायफलीची होणार नाही, हे मला गेल्या खंडेनवमीला कळून चुकले.

मला दोन अपत्ये. मुलगा राजवर्धन पुण्याला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मुलगी रेश्मा माधवनगरला दिली आहे, तिथेच शाळेत गणित शिकवते. तिसरा शंभूराज, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. कायद्याने तो माझा वारस नाही, पण लहानपणापासून माझ्याच स्वयंपाकघरात जेवला आणि आता डोंगराकडची माझी शेतीही तोच बघतो. त्यामुळे वारसापेक्षा जास्त हक्क सांगतो.

कलम १. कराडचे राहते घर राजवर्धनला. गुडघ्यांमुळे मला खाली बसवेना तेव्हा त्याने न सांगता उंच कमोड बसवून दिला. त्याबद्दल मी त्याला रोज सकाळी आशीर्वाद देते. परसातले जांभूळ पाडू नये. अंगणात सडा पडतो म्हणून शेजारी कुरकुर करतील, त्यांना चार जांभळे द्यावीत.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे. पाटल्या रेश्माला, मोहनमाळ सुनेला. सुनेने ती मोडून नव्या घडणीची केली तरी माझी हरकत नाही, कारण मीही ती सासूबाईंची मोडूनच केली होती. उसाची जमीन राजवर्धन आणि रेश्मा यांच्या नावे समाईक राहील. ती शंभूराजच कसेल आणि निम्मे पीक त्याचे, हा आजवरचा रिवाज मोडू नये.

कलम ३. शंभूराजची आई, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाई, यांना माझा तांब्याचा बंब. नव्या नवरी होऊन आल्या त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "बाईच्या हातात बंदूक म्हंजे घराला अवदसा." पुढे त्यांच्या भुईमुगात रानडुकरे शिरली की "आवं आक्का, तेवढा एक बार काढा की!" म्हणून पहिली हाक त्याच मारीत. मी हवेत बार काढी, डुकरे पळत आणि जाऊबाई मला चहा पाजीत. अवदसेचा राग मी केव्हाच सोडला आहे. मात्र बंबावर माझे पूर्ण नाव घालून घेतले आहे, ते त्यांना रोज आंघोळीच्या वेळी दिसावे.

कलम ४. आता रायफल.

ती तीनशे पंधरा बोअरची, देशी बनावटीची, वर चार पटीची दुर्बीण बसवलेली आहे. माझे वडील नाथाजी, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, हे पाटण भागातले नावाजलेले शिकारी होते. त्यांना मुलगा नव्हता आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्या काळी परवाना काढून हरणाची शिकार करता येत असे. १९७१ साली मला एकविसावे सरले, माझ्या नावाचा परवाना निघाला आणि आबा मला सांगलीला शिकलगारांच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले.

मोठ्या शिकलगारांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि नक्षीच्या दस्त्याची, नाजूकशी बावीस बोअर पुढे ठेवली. "ताईसायबास्नी ही शोभंल," ते म्हणाले.

"शोभायची न्हाई," आबा म्हणाले, "लागायची दावा."

मग तीन रायफली निघाल्या. आबांची पारख अशी: दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट घोड्यापर्यंत पोचते का ते बघायचे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आपसूक समोर आली तर रायफल आपली. शोधावी लागली तर ती दुसऱ्या कुणाची. तिसरीची माशी समोर आली, पण दस्ता बोटभर लांब पडला. मोठ्या शिकलगारांचा मुलगा इमाम, माझ्याच वयाचा, उठला, करवत घेतली आणि नव्याकोऱ्या रायफलीचा दस्ता माझ्या मापाला कापला. त्याच्या वडिलांनी तोंड फिरवून घेतले. आज त्या दुकानात इमामभाईंचा मुलगा मतीन बसतो, पण माझ्या रायफलीला इमामभाई अजून दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत.

दुर्बीण निवडताना मात्र मी हट्ट धरला. दुकानात एक नऊ पटीची होती, मला तीच हवी होती. आबांनी ती नुसती हातात दिली आणि रस्त्यापलीकडची सायकलवाल्याची पाटी वाचायला लावली. अक्षरे हाताएवढी दिसली, पण माझ्या श्वासाबरोबर नाचू लागली.

"पाटीखाली कोन हाय?" आबांनी विचारले.

मला कुणीच दिसत नव्हते. दुर्बीण खाली घेतली तर पाटीखाली एक म्हातारा बसून विडी ओढत होता.

"लांबचं मोठं दिसून काय उपेग, पोरी? शेजारचं बी दिसाय पायजे. भेकराच्या मागं एकादा गुराखी असला म्हंजे?"

म्हणून चार पटीची घेतली. काडतुसे मऊ टोकाची घेतली. कडक टोकाची गोळी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळते आणि झुडपात तडफडत मरते. मऊ टोकाची आत फुलते आणि जनावर जागीच बसते. आबांकडे नेम चुकला तर माफी होती. जनावर कळवळत सोडले तर नव्हती. काडतुसे घेतल्यावरही ती त्या रायफलीला मानवतात का हे आधी मातीच्या बांधावर मारून पाहायचे, मगच रानाची वाट धरायची.

एवढी पारख करून घेतलेल्या या रायफलीला शिकारीचा हंगाम मिळाला एकच. तिने एक सांबर पाडले, ते एकाच गोळीत. पुढे कायदा आला आणि हरणाची शिकार बंद झाली. मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. मी आठवडाभर फुगून बसले होते. आबांनी मात्र त्याच दिवशी उरलेली काडतुसे डब्यात भरली. "आता बगायचं फकस्त," म्हणाले. मलाही नंतर त्यातच गोडी लागली. गेली पन्नास वर्षे मी भेकरे नुसती पाहत आले आहे आणि एकदाही कंटाळा आला नाही.

माझे पती कै. हंबीरराव यांना फटाक्याचाही आवाज सोसत नसे. तरी परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला ते माझ्याबरोबर एसटीने साताऱ्याला येत, कचेरीबाहेरच्या बाकड्यावर बसून राहत आणि येताना आम्ही कंदी पेढे खात खात परतत असू. असा नवरा मिळाला, आणखी काय हवे होते?

आबांचा एक दंडक होता, तो मी माझ्या घरातही चालवला. रायफल कुणाच्याही हातात दिली, देणाऱ्याने "रिकामी आहे" असे सांगितले, तरी घेणाऱ्याने नळी जमिनीकडे करायची, खिट्टी मागे ओढायची, आत करंगळी घालून बघायची आणि मोठ्याने म्हणायचे, "बघितली. रिकामी हाय." हे ऐकल्याशिवाय आबा दस्त्यावरचा हात सोडत नसत. माझी दोन्ही मुले आणि शंभूराज हे ऐकतच वाढले.

आता गेल्या खंडेनवमीचे सांगते. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, पंप आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर रायफलही पुजतात. पूजा राजवर्धनने केली. त्याने दुर्बिणीच्या काचेवर हळदकुंकवाची बोटे उमटवली आणि नळीत झेंडूचे देठ खोचले. पुण्याला गेलेला माणूस इतका भाविक होतो हे मला ठाऊक नव्हते. वर म्हणाला, "आई, हिची नळी बंद करून घेतो आणि हॉलमध्ये लावतो. खाली लाइट सोडला की काय दिसेल!" त्याच घटकेला शंभूराजने रायफल उचलली, खांद्याला लावली आणि दुर्बिणीतून शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे पाहू लागला. "काकी, कुंकवातनं समदं लालच दिसतंय की गं!"

मी ओरडायच्या आत रेश्मा पुढे झाली. तिने एका हाताने नळी जमिनीकडे दाबली, रायफल त्याच्या हातातून काढून घेतली, खिट्टी ओढली, करंगळी घातली. एरवी शाळेतली शुद्ध भाषा बोलणारी माझी मुलगी आबांच्या भाषेत म्हणाली, "बघितली. रिकामी हाय." मग तिने झेंडू काढला आणि काच पदराने न पुसता कपाटातल्या मऊ फडक्याने पुसली. आबा असते तर त्यांनी तिथल्या तिथे दस्त्यावरचा हात सोडला असता.

रायफल तूच घे, असे मी तिला त्याच दिवशी सांगितले. "मला नको, आई," ती म्हणाली. "मी मुलांना गणित शिकवते. घरात बंदूक कुठे ठेवू?" तिचेही खरे होते. पण तिने नाही म्हटले तर माझ्यामागे रायफल एक तर दिवाणखान्यात टांगली जाणार, नाही तर सरकारात जमा होऊन मोडीत जाणार, नाही तर शंभूराज परवान्यासाठी अर्ज करणार. ही तिसरी भीती काय आहे हे दिवाळीत सगळ्यांना कळले.

आमच्या डोंगराकडच्या रानात ओढ्याला एक भेकर पाण्याला येते. फराळाला बसलो असताना शंभूराज मला लाडीगोडी लावून म्हणाला, "काकी, रायफल माझ्या नावावर कर की. एकच भेकर मारतो. रोज येतंय ओढ्याला. कुणाला कळतंय?"

"भेकराला कळतंय," मी म्हणाले. मला त्याचा मनापासून राग आला, आणि ज्याला मी माझ्या हाताने भरवले त्याचा राग आला म्हणून वाईटही वाटले.

रेश्माने हातातली चकलीची ताटली खाली ठेवली. "अर्ज मी करते, आई," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने आणखी सांगितले, "दुर्बीण मात्र शंभूला दे. त्याला सारखं बघायचंच असतं."

"नुसती दुर्बीण घिऊन काय करू गं?" शंभूराज कुरकुरला.

"बघ," रेश्मा म्हणाली. राजवर्धन इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि शेवटी शंभूराजलाही हसू आवरले नाही.

सबब, रायफल रेश्माला. तिला ती नको होती हे मला ठाऊक आहे. नको असूनही तिने ती पदरात घेतली, म्हणून माझा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. दस्ता माझ्या मापाचा आहे, तो तिला बरोबर बसतो. मी तिला न सांगता शिवणाच्या टेपने तिचा हात मोजला आहे. कायद्याने रायफल नुसत्या मृत्युपत्राने कोणाची होत नाही. म्हणून माझ्या मृत्यूनंतर मतीन शिकलगार यांनी पोलीस ठाण्यात वर्दी देऊन ती आपल्या परवानाधारक दुकानात ठेवून घ्यावी आणि रेश्माने परवान्यासाठी अर्ज करावा. उरलेली काडतुसेही मतीनकडेच जमा करावीत. दुर्बीण उतरवून शंभूराजला द्यावी. राजवर्धनला झेंडू.

कलम ५. ओढ्याकाठचा पडीक तुकडा शंभूराजच्या नावे. हे वाचून तो चकित होईल. पण अट अशी की त्या बाजूला तारेचे कुंपण घालू नये आणि ओढ्याला मोटर लावू नये. उंबराच्या खोडाशी बसले की वारा आपल्याकडे येतो आणि भेकराला माणसाचा वास लागत नाही. दुर्बीण घेऊन तिथे बसावे. शंभू, मोठे कान आधी दिसतील, मग मान. हलू नकोस, सारखे नाक ओढू नकोस. पुढच्या वर्षी पाडस बरोबर असेल तर रेश्माला फोन करून सांग, तिला आवडेल.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कोणी हवेत बार काढू नये. हंबीररावांचा फोटो शेजारीच असणार, त्यांना आवाज सोसत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मतीन शिकलगार यांनी करावी. इमामभाई साक्षीदार असल्याने त्यांना यात काही ठेवणे बरे दिसणार नाही. म्हणून रायफल साफ करण्याची माझी शिसवी पेटी मी त्यांना गेल्याच महिन्यात देऊन टाकली. "आवं ताई, येवढी काय घाई?" असे म्हणत त्यांनी ती लगेच पिशवीत घातली.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर ते गुडघे बरे झाल्यावर.

शेवटची सूचना, आणि ही सर्वांसाठी. रायफल माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे, किल्ली कुठे ते रेश्माला ठाऊक आहे. रायफल रिकामी आहे. हे मी पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर लिहून देत आहे. तरीही माझ्या लिहिण्यावर विसंबू नये. कपाट उघडणाऱ्याने, तो मतीन असो की रेश्मा, नळी जमिनीकडे करावी, खिट्टी ओढावी, करंगळी घालावी आणि मोठ्याने म्हणावे. ऐकायला मी नसेन. तरी म्हणावे, मगच मी हात सोडला असे समजावे.

लिहून देणार: विजयमाला हंबीरराव निकम (सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली, आणि आम्हीही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:

१. इमाम शिकलगार, राहणार सांगली (सही)
२. डॉ. फिरदोस मुजावर, राहणार कराड (सही)

ठिकाण: कराड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५