मी काहून उठलो

रविवार, संध्याकाळ

सुनंदाला खरं सांगू की नको, हेच डोक्यात घोळून राहिलं आहे.

केतकीच्या लग्नाची बोलणी करायला आज आम्ही दोघं पाटनला गेलो होतो. मुलाचे वडील अडून बसले, लग्न पाटनलाच होईल. आम्हाला आपलं जबलपूर हवं होतं, पण मी नेहमीसारखा मान डोलवत होतो. तेवढ्यात मनगटावर थरथर झाली. केतकीनं दिलेलं ते स्मार्ट घड्याळ! 'बहुत देर से बैठे हैं, उठिए।' त्याचं ऐकायचं, अशी पोरीनं शपथ घातली आहे. म्हणून उठलो. बस, एवढंच.

पण बोलणी चालू असताना मुलीचा बाप उठला, म्हणजे सोयरीक मोडली! मुलाच्या वडिलांनी धावत येऊन माझा हात धरला. "अहो भाईसाहब, नाराज काहून होता? चलो, जबलपूरलाच करू. बसा ना!"

बसलो. गुडघे मोकळे करत होतो म्हणू?

परतताना बसमध्ये सुनंदा माझ्याकडे पाहूनच राहिली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, अशी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "एवढा ताठपणा कुठं लपवला होता हो?"

आता कसं सांगू?

हे लिहिता लिहिता पुन्हा थरथर. उठलो. स्वयंपाकघरातून सुनंदा घाईनं म्हणाली, "बरं बरं, बसा! दोडका नाही करत, वांगं करते."

नाही सांगत.