ह्यांना क्रूस कशाला हवा

३ मार्च, सोमवार

आज चहाची बशी तोंडाला लावता लावता ह्यांनी सांगितलं — बाप्तिस्मा घ्यायचाय.

मी म्हटलं, आधी चहा घ्या, सांडतोय.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. उजवं अंग जाऊन दोन वर्षं झाली. कूस बदलायची तर दुसऱ्यानं हात लावावा लागतो. आणि हा माणूस ख्रिश्चन व्हायला निघाला. कॉटवरून!

मग म्हणाले, "तू हो म्हटलीस तरच. न्हाईतर न्हाई."

हे आणखी वाईट. नुसतं सांगितलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. पन्नास वर्षांत मला विचारून ह्यांनी कोथिंबिरीची पेंडी आणली नाही. आता देव तेवढा माझ्यावर सोडलाय.

४ मार्च

हे सगळं बाळासोपासून आलंय. बाळासो मिशनच्या दवाखान्यात वॉर्डात होता, आता रिटायर. रोज आठला येतो, ह्यांना आंघोळ घालतो, हातपाय ओढून व्यायाम करून घेतो. आज्याच्या काळापासून ख्रिस्ती. काळ्या दोऱ्यात बोटाएवढा लाकडी क्रूस घालतो. आमच्या ह्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पाळण्यात असताना बांधलेलं. बाळासो वाकून काखेत हात घालून ह्यांना उचलतो तेव्हा त्याचा क्रूस ह्यांच्या डबीवर आपटतो. टक्. दोन वर्षं रोज ऐकतेय. तेव्हा काही वाटलं नाही.

आज तोंडावरच विचारलं. "बाळासो, तू आंघोळ घालायला येतोस का बाटवायला?"

पाठ पुसत होता, पुसतच राहिला. "मावशी, मी काय बोलत न्हाई. अण्णाच विचारत्यात. विचारू नगा म्हणून तुम्हीच सांगा की त्यास्नी."

खोटं नाही. त्याच्या तोंडातून एक शब्द काढायचा तर दहा वेळा विचारावं लागतं.

६ मार्च

ह्यांना विचारलं, आपल्या देवात तुम्हाला काय कमी पडलं?

"काय बी कमी न्हाई."

"मग?"

जीभ जड झालीय, शब्द गोळा करावे लागतात. मग म्हणाले, "त्या क्रुसावरच्याचं हात बघ. खिळलेत. नाकावर माशी बसली तर त्याला हाकलता येत न्हाई."

मी म्हटलं, हातासाठी डॉक्टर बदलतात, देव नाही.

"बाकीचं देव मी देवळात जाऊन बघितलं. ह्यो माझ्या कॉटवर हाय."

मी उठून गेले. दुपारी तांदूळ निवडताना माझ्या नाकावर माशी बसली. हाकलली. मग उगीच त्या माणसाचा विचार आला. लांबच्या देशातला, कधीचा मेलेला, आणि माझ्या तांदळात!

११ मार्च

आमच्या मृत्युंजयला कळलं. धाकटा, पण एकुलता म्हणायचा आता. खताचं दुकान आहे, तिथल्यासारखाच घरात बोलतो.

"अप्पा, मठात तोंड दाखवायचं न्हाई व्हय आम्ही? आक्काच्या वेळी बरा धर्म आठवला तुम्हास्नी! ती जित्ती असताना तिच्या नावानं आंघोळ केलासा. आणि आता तुम्हीच चाललासा?"

सूनबाई वाटी धरून तशीच उभी. पंचवीस वर्षं ह्या घरात शिवलीलाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

हे म्हणाले, "व्हय. केली."

आमची थोरली. कबनूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पोराबरोबर निघून गेली, जात दुसरी. ह्यांनी अंगणात बसून डोक्यावर पाणी घेतलं आणि सांगितलं, मला मुलगी नाही. अडीच वर्षांनी खरंच राहिली नाही. काविळीनं, इचलकरंजीच्या दवाखान्यात. आम्ही दोघंही गेलो नाही. मातीलासुद्धा नाही.

१२ मार्च

मृत्युंजय घरी जेवला नाही. सुनेनं डबा दुकानात पाठवला. राग आला की ह्याला भूक दुकानातच लागते.

१९ मार्च, बुधवार

आज माझं हसं झालं. लिहून ठेवते.

बाळासो ह्यांना खुर्चीत बसवत होता. त्याचा दोरा तुटला आणि क्रूस खाली पडला. घरंगळत कॉटखाली. आमच्यात लिंग अंगावरून सुटून पडलं की खेळ नाही. पाणी प्यायचं नाही, घास घ्यायचा नाही. स्वामींना बोलवायचं, पूजा करून परत बांधायचं. जुन्या काळी तर लोक जीव द्यायचे म्हणतात.

मी बाळासोला पाटावर बसवलं. हातातला चहा काढून घेतला. "काही खाऊ नकोस. तुमच्या स्वामीला फोन लाव. हलायचं नाही."

तो बघतच राहिला. हे कॉटवरून हसत होते, निम्म्या तोंडानं. त्यांना सगळं ठाऊक, पण सांगतील तर शपथ.

मग बाळासोनं कॉटखाली हात घालून क्रूस काढला, शर्टाला पुसला, दोऱ्याला गाठ मारली. "मावशी, लाकूड हाय ते. आमच्यात त्याला उपास न्हाई."

"देव खाली पडला आणि काही नाही?"

"त्यो तवाच पडलेला की. खांब उचलवंना त्याला, वाटंतच कोसळला. शेवटी गर्दीतल्या एका पावण्याला धरून खांब उचलायला लावला."

चहा परत दिला. गार झाला होता. तसाच प्याला.

मला हे झेपलं नाही. आमचा देव आम्ही जन्मभर सांभाळतो, पडू देत नाही. बाळासोचा देव पडतो, आणि पडला म्हणूनच ह्यांना आवडतो. पडलेल्या माणसाला आवडत असेल. ह्यांनाही न्हाणीघरात पडल्यावरच आवडायला लागला.

२७ मार्च

बाळासोला विचारलं, तुमच्यात मातीला बसवतात का?

"न्हाई मावशी. आडवं. पेटीत."

आमच्यात बसवतात. मांडी घालून, लिंग तळहातावर ठेवून. रुद्रभूमीत आमच्या भाऊबंदांची रांग आहे, सासूशेजारी दोघांची जागा धरलेली. मी ह्यांना म्हटलं, दोन वर्षं आडवे आहात, मेल्यावर तरी ताठ बसायचं सोडून परत आडवं व्हायचं खूळ?

म्हणाले, "तू शेजारी नसशील, तेवढंच वाईट वाटतंय."

असं बोलायचं वय नाही हे. मी खिडकी लावायला गेले. ती लागलेलीच होती.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. ह्यांनी कडुलिंब खाल्ला. बाळासोनं पण खाल्ला, पुरणपोळी पण. नाही कशालाच म्हणत नाही. अशा माणसाशी भांडायचं कुठून?

५ एप्रिल, शनिवार

सकाळी बाळासो ह्यांचा पाय वर-खाली करत होता. मी दारात कांदे चिरत बसले होते. हे म्हणाले, "पोरीच्या नावानं पाणी घेतलं मी. त्ये कुठं ठेवू?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तुम्ही केलंत, तुम्ही भोगा. मरेपर्यंत."

"भोगतोयच की."

बाळासोला म्हटलं, तू सांग. तुझ्या देवानं काय केलं? सगळं माफ? फुकट?

त्यानं पाय खाली ठेवला. "फुकट न्हाई मावशी. शिक्षा हुतीच. ती त्यानं सवता खाल्ली. माणसाच्या जागी."

"मग बरं आहे चोराचिलटांचं. करायचं ह्यांनी, खिळे त्याला."

"शेजारच्या खांबावर चोरच टांगलेला. त्यालाच पैला आत घेतला."

"भोळा दिसतोय तुझा देव."

"तुमच्यालाबी भोळाच म्हणतासा की."

हे परत निम्म्या तोंडानं हसले. कांद्यानं डोळ्याला पाणी आलं ते बरं झालं. कांद्याचंच होतं.

१० एप्रिल, गुरुवार

ह्यांनी आज परत विचारलं. "काय ठरवलंस?"

म्हटलं, बघू.

का बघू, ते इथं लिहिते. चौथी शिकलेय, मोडकंतोडकं येईल.

शिवलीला आली होती. मरायच्या वीस दिवस आधी, भर दुपारी. हे बाजारात, मृत्युंजय कॉलेजात. मी एकटी. दारात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, अव्वा, पाणी दे.

डोळे पिवळे होते. पाहिलं मी. पाहिलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

त्याच्या आदल्याच दिवशी ह्यांनी मला सांगितलं होतं, "पोरगी आली तर आत घे. मी काय बोलणार न्हाई." एवढा अभिमानी माणूस, मान खाली घालून बोलला होता.

मी तिला म्हटलं, "तुझ्या बापाला तुझं तोंड बघायचं न्हाई. जा." आणि दार लावलं.

बापाचा राग गेला होता. माझा नव्हता. मला न सांगता गेली होती ती. आईला सुद्धा नाही! म्हटलं, आणखी थोडं भोगू दे, मग घेऊ. आणि माझा राग बापाच्या नावावर खपवला. वीस दिवसांनी घ्यायला कोणी उरलं नाही.

हे कुणालाच सांगितलं नाही. हे पंगतीत, मठात शिव्या खात आले, आता पोराच्या तोंडूनही, पोरीला मारलंस म्हणून. मी शेजारी बसून वाढते.

आता ह्यांचं ओझं कोणीतरी उचलणार. हे मोकळे होणार. मग ह्या घरात मी एकटीच उरते. म्हणून बघू.

१४ एप्रिल

बघू.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज बाळासोच्या लोकांचा तो दिवस, देवाला खिळलं तो. नात विद्याश्रीला म्हटलं, मला चर्चमध्ये ने. तिनं डोळे मोठे केले, पण गाडी काढली. बापाला सांगू नको म्हटलं, तर म्हणाली, "अज्जी, मी कुठं काय सांगतेय." हिला पुढं काही कमी पडायचं नाही.

मी नारळ घेतला होता. फोडायची जागाच नाही! पिशवीत तसाच मांडीवर. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, डोक्यावर पदर. समोर नुसता लाकडी क्रूस, माणूस नाही. हार नाही, दिवा नाही. दुपारी तीन तास बसले. बुडाला रग लागली.

बोलणारे बरेच होते. एक लांबण लावणारा होता, तेव्हा मी पंखे मोजले. पण एकानं सांगितलं ते कानात राहिलं. खिळे ठोकत होते तेव्हा तो ठोकणाऱ्यांसाठीच मागणं मागत होता.

ठोकणारा कोण होता, शेजारच्या बाईला विचारलं. नाव काय त्याचं?

ती म्हणाली, नाव कुठंच लिहिलेलं नाही.

दोन हजार वर्षं झाली म्हणतात. एवढी माणसं त्या खिळलेल्याचं नाव घेऊन रडतात, आणि हातोडीवाल्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं त्यानं सांगितलं नाही.

मी रडले नाही. पण विद्याश्री चल म्हणाली तरी बसून राहिले.

नारळ घरी आणला. उद्या चटणी.

२० एप्रिल, रविवार

बाळासोचा सण, आला नाही. सगळे लग्नाला गेले. मीच ह्यांचं अंग पुसलं. पुसता पुसता सांगितलं. ती दुपार, पाणी, पिवळे डोळे, कुणाच्या नावावर काय खपवलं ते. सगळं.

म्हणाले, "ठाऊक हाय."

त्यानंतर एके दिवशी बाजाराला म्हणून जे गेले होते ते तिच्या दवाखान्यात गेले होते. पोरगी शुद्धीवर होती. तिनं विचारलं, अप्पा, माझं तोंड बघायचं न्हाई असं खरंच तुम्हीच सांगितलंत?

मी म्हटलं, "मग? काय म्हणालासा?"

"म्हटलं, व्हय. मीच. आई रडत हुती तुझी."

मी रडत नव्हते. दार लावून जेवायला बसले होते.

हो म्हटलं त्यांना.