दगडाची मागची बाजू

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न.

एका ओळीची खरी किंमत सांगतो: तीन दिवस, दोन बोथट छिन्न्या आणि एक माणूस. माणूस म्हणजे आमचा आरसा. सव्वीस वर्षं माझ्या दगडांना पॉलिश करतोय. तोंड दिसेल असं करतो, म्हणून ते नाव.

इथे या देशाला स्वतंत्र होऊन दोनशे वर्षं होताहेत, त्यासाठी चौकात शिळा बसायची आहे. समितीतल्या गोऱ्यांनी मजकूर दिला, ‘देवानं ही भूमी आपल्या हाती दिली.’ मी मुकाट कोरला. आरशानं वाचला आणि म्हणाला की याच भूमीवर आमच्या पणजोबांना गुलाम म्हणून साखळदंडात उतरवलं, ते देवानं केलं असं सांगणारा दगड मी चकाकवणार नाही.

समिती अक्षर हलवू देईना. मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, तुमच्या लोकांची ओळ मागच्या बाजूला कोरतो, फुकट. त्यानं हात पुसले. आजोबा गोऱ्यांच्या प्रार्थनाघरात मागच्याच दारानं जायचे, एवढं बोलून डबा उचलून गेला. आता यात माझं काय चुकलं? इथल्या गोऱ्या-काळ्यांच्या मनातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. पण ऐकतो कोण.

माया आटू देऊ नकोस.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

लहानपणी फुटकी पाटी मला द्यायचास आणि वर उपकार केल्याचा आव. तो स्वभाव गेला नाही, असं तुझे भावोजीही म्हणतात. देव दोघांचा एकच ना? मग मागच्या दारानं आलेल्यांनी त्याच्याबद्दल काय ऐकलं? आरशाच्या प्रार्थनाघरात काय सांगतात, ते लिही. आणि त्याच्या घरी जा. शहाणपण कारखान्यात ठेवून जा.

तब्येत सांभाळ, पत्राची वाट पाहते.
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

गेलो. चूक कबूल केली. त्यानं चहा दिला, होकार दिला नाही. म्हणाला, पोथी एकच आहे. गोरे भूमी मिळाल्याचं पान वाचतात, आम्ही गुलाम सुटल्याचं. ती ओळ काढलीत तर उद्या कामावर येतो. मी पुन्हा समितीकडे गेलो. त्यांनी मला समारंभाची वेळ सांगितली. शिळा परवा बसली, पॉलिशविना. डोकं आपटावंसं वाटतं.

रागाव, पण लिहीत राहा.
धाकटा

ता. क. तू प्रार्थनाघराचं विचारलंस. कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी आत कधी गेलेलो नाही.