न खपलेल्यांची फळी

मी, संयोगिता गिरीराज माने, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, धंदा बंदुका व काडतुसांची विक्री (आता बंद), राहणार बसवनगुडी, बेंगळूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा भाचा श्रीरंग माझ्या बुद्धीबद्दल चारचौघांत शंका घेतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दोघातिघांनी आणून पाहिला, जमला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील अवधूत यांना मी व्यवस्थापक नेमत आहे. मृत्युपत्रात वाटणी लिहावी, भांडणं लिहू नयेत, असं त्यांनी मला समजावलं. भांडणं गाळली तर वाटणी अशी का झाली हे कोणाला कळणार, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

१. माझा धाकटा भाऊ जयसिंगराव वारला. त्याची दोन मुलं, भार्गवी आणि श्रीरंग, एवढेच माझे वारस. दोघांना मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे आणि दोघांवर माझी माया आहे. पुढचं वाचताना श्रीरंगने हे वाक्य विसरू नये.

२. चिक्कपेटेतलं दुकान भाड्याचं होतं, ते मालकाला परत केलं. विक्रीचा परवाना सरकारकडे जमा केला. पाटी माझ्याकडे आहे. तिच्यावर वडिलांनी 'माने आणि मुलगा' असं रंगवलं होतं. मुलगा बारा वर्षांनी कंटाळून बँकेत गेला आणि मुलीने चाळीसच्या वर वर्षं गल्ला सांभाळला. पाटी कोणाला नको असेल तर बंबात घालावी.

३. नळ्या साफ करायचे गज, तेलाचे डबे, पेचकस, नळीचा बोर, म्हणजे आतला व्यास, मोजायची गेज आणि शिसवी पेटी परसूमिस्त्रींना द्यावी. ते बिघडलेली बंदूक हातात घेतल्यावर आधी मालकाला शिव्या द्यायचे, मग दुरुस्त करायचे. ही सवय मला आवडायची.

४. माझ्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या भार्गवीला. लग्न मोडलं ते कोल्हापूरकरांनी नाही म्हटल्यामुळे, असं आमच्याकडे अजून सांगतात. तसं नाही. दुकानात बसणं सोडायचं असेल तर पुढची बोलणी, असं ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर कॉफीचे पेले उचलले आणि आत गेले. नाही मी म्हटलं होतं.

५. दुकानाच्या भिंतीवर असायची ती लाकडी फळी भार्गवीला. तिच्यावर दारू काढलेली, निकामी काडतुसं तारेने बांधली आहेत. त्यांना परवाना लागत नाही, कोणी घाबरवलं तर घाबरू नये. बाजारात आली, चांगली होती आणि तरी चालली नाहीत, अशीच काडतुसं मी या फळीवर लावली. टू-एटी रॉस घ्या. सपाट, वेगवान, आपल्या काळाच्या पुढचं. पण ज्या रायफलीत ते चालायचं, तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, चुकीचा जोडला गेला तर मागे उडायचा. दोष रायफलीचा, बदनामी काडतुसाची. त्याच्या शेजारी पाच मिलिमीटरचं मॅग्नम आहे. बावीसच्या मॅग्नमपेक्षा तेज, पण त्याच्या बंदुकाच जेमतेम निघाल्या. लोकांनी घेतलं नाही म्हणजे मालात काहीतरी खोट असणारच, हे जयसिंगचं मत होतं. तो चारचौघांसारखा व्यापारी होता. मी नव्हते.

तुझं लग्न झालं नाही म्हणून तुला या काडतुसांचा पुळका, असंही तो एकदा म्हणाला. म्हणू दे. मला ती आवडली कारण ती चांगली होती.

६. आता माझी सोळा बोरची दुनळी. हे कलम श्रीरंगने दोनदा वाचावं.

बारा बोर सगळ्यांना माहीत आहे. बोरचा आकडा मोठा तशी नळी बारीक, म्हणून सोळा तिच्याहून बारीक, वजनाला हलकी, खांद्याला मऊ, आणि रानडुकराला ती बारा आहे की सोळा हे कळत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांत बाराला जागा मिळाली, विसाला मिळाली, मधल्या सोळाला कोणी विचारलं नाही. आमच्या भागात मात्र तिचं नाव घालवलं ते आमच्या घराने.

खंडेनवमीला आमच्यात शस्त्रं पाटावर मांडून पूजा होते. एका वर्षी जयसिंगने हौसेने विक्रीच्या सोळाच्या पेट्याच पाटावर उघडल्या आणि एकेका काडतुसाला ओलं गंध, हळद-कुंकू लावलं. तेव्हा काडतुसांची नळकांडी कागदाची असत. ओल धरून ती फुगली. ती तशीच विकली गेली आणि आनेकलच्या रयतांच्या बंदुकांत अडकून बसली. रागीच्या शेतात हत्ती उभा आणि फुगलेलं काडतूस आत जात नाही म्हणून बंदूक मिटत नाही, अशी पाळी एकावर आली. त्याने दुसऱ्या दिवशी बंदूक आमच्या गल्ल्यावर आणून आपटली.

जयसिंग त्याला म्हणाला, सोळाचं असंच असतं, बारा घ्या. मी आतून बाहेर आले आणि त्या माणसाला सांगितलं की काडतुसाला आम्ही गंध लावलं, चूक आमची आहे, सोळाची नाही. त्याला कोरडी पेटी दिली. तो सोळाच वापरत राहिला. त्याचा मुलगा मल्लाप्पा आजही वापरतो आणि या कागदावर साक्षीदार आहे. पण बाकी गिऱ्हाइकांत जयसिंगचंच वाक्य पसरलं, सोळा अडकते. ते त्याने कधी मागे घेतलं नाही. गिऱ्हाइकासमोर मी त्याला उघडं पाडलं म्हणून तो पाच वर्षं माझ्याशी बोलला नाही. अक्का, जेवायला चल, एवढं तरी बोलायचा तेही बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं. केल्याचं वाईट वाटलं नाही.

आता त्याच्या मुलाचं. हेब्बाळला श्रीरंगचा मित्र दारूचं हॉटेल काढतो आहे. तिथल्या भिंतीवर टांगायला श्रीरंगने त्याला ही फळी आणि बंदूक मला न विचारता कबूल केली. मला कळलं ते त्या मित्राने मोजमाप घ्यायला माणूस पाठवला तेव्हा. श्रीरंगला बोलावून विचारलं, तर म्हणाला, "आत्या, स्वल्प प्रॅक्टिकल हो. नळी वेल्डिंग करून बंद करू, म्हणजे लायसन्सची कटकटच नाही. तशीही काडतुसं चाळीस वर्षांची. मेलीत ती."

मी भार्गवी आणि श्रीरंग दोघांना घेऊन रायफल क्लबच्या रेंजवर गेले. श्रीरंग खांबामागे उभा राहिला. मी सोळाच्या त्याच जुन्या काडतुसांनी दोन्ही नळ्या भरल्या आणि दोन्ही वाजवल्या. खांदा आठवडाभर निळा होता, पण त्या दिवशी मला तो दुखला नाही.

भार्गवी तिथेच म्हणाली, "आत्या, ही माझ्या नावावर कर. मी चालवीन."

श्रीरंग म्हणाला, "माझी सही मिळणार नाही."

गोष्ट या सहीवर अडली आहे. एका वारसाच्या नावावर बंदूक चढवायची तर दुसऱ्याची ना-हरकत जोडावी लागते. ती नसेल तर बंदूक पोलिसांच्या कोठारात गंजेल आणि शेवटी वितळवली जाईल. म्हणजे नळी बुजवून भिंतीवर, नाहीतर भट्टीत. मला दोन्ही मान्य नाही. बंदूक मी भार्गवीला देत आहे. परवाना होईपर्यंत ती परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर ठेवावी.

७. बसवनगुडीचं घर. खालचा मजला भार्गवीला, बिनशर्त. वरचा मजला श्रीरंगला, पण माझ्या वर्षश्राद्धाच्या आत त्याने बंदुकीची ना-हरकत लिहून दिली तरच. दिली नाही तर वरचा मजलाही भार्गवीचा. तो तिने विकावा आणि त्या पैशांवर परवान्यासाठी हायकोर्टापर्यंत जावं. अवधूतवकिलांनी विचारलं, एका जुन्या बंदुकीसाठी अख्खा मजला? होय. मजला माझा आहे.

श्रीरंग, तुझ्या बापाच्या एका वाक्याने सोळा बाजारातून उठली. तुला फक्त एक सही करायची आहे. ती केलीस तर माझा तुझ्यावर काही राग राहणार नाही, हे मी इथे लिहून देते.

८. माझ्या परवान्यावरची उरलेली सोळाची काडतुसं. ही बाजारात आता सहसा मिळत नाहीत, म्हणून सगळे मला ती जपून ठेव म्हणतात. भार्गवीच्या हातात परवाना आला की तिने ती रेंजवर न्यावीत आणि सगळी उडवावीत. फोटोच्या चौकटीत, देव्हाऱ्यात, कपाटात, कुठेही एकसुद्धा ठेवू नये. ती वाजायला केलेली आहेत. त्यांतलं एखादं वाजलं नाही, तर भार्गवीने रेंजवर असतील त्या सगळ्यांना मोठ्याने सांगावं की हे आत्याने फार वर्षं ठेवलं म्हणून असं झालं, सोळात काही खोट नव्हती.

हे सगळं मी दोन्ही साक्षीदारांदेखत वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. श्रीरंगला बोलावलं होतं. तो आला, उभ्याउभ्या ऐकलं आणि ना-हरकतीवर सही न करता गेला. वर्षश्राद्धापर्यंत त्याला वेळ आहे, आणि तो वेळ सुरू करायची मला अजिबात घाई नाही.

सही: संयोगिता गिरीराज माने

साक्षीदार:
१. डॉ. हेमलता कदम, बसवनगुडी
२. मल्लाप्पा, शेतकरी, आनेकल (सही कन्नडमध्ये)

ठिकाण: बेंगळूर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२४, दसरा